बाबांना दिसणारा लाल दिवा

"भास होतात त्यांना," नवरा म्हणाला.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा बाहेर पायरीवर बसून बूट पुसत होते. दार उघडं होतं. त्यांचा पुसणारा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं, पण हा एकदा बोलायला लागला की पालथ्या घड्यावर पाणी.

"गाडीला काहीही झालेलं नाही. ठोक्याने तीनदा बघितली. तेल बदललं, फिल्टर बदलला, तो खालचा स्विचसुद्धा नवा घातला. मी आठवडाभर कामावर नेली. मला दिसला का दिवा? फक्त बाबांनाच दिसतो. आणि दिसला की हे भर रस्त्यात थांबतात. परवा आमच्या ऑफिसातल्याने पाहिलं, पाण्याच्या टाकीपाशी कडेला गाडी लावून नुसते उभे होते. कुणीतरी ठोकून गेलं तर? सोमवारपासून चावी माझ्याकडे."

ठोक्या म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. कुठलंही दुखणं आलं की आधी दोन ठोके मारून बघतो, म्हणून हे नाव. आणि दिवा म्हणजे मोटरसायकलच्या मीटरवरचा तो लाल दिवा, ज्याच्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं. इंजिनातल्या तेलाचा दाब पडला की तो लागतो. तो लागला की शहाण्या माणसाने मुकाट्याने गाडी बंद करायची, नाहीतर इंजिनाचे बारा वाजलेच. बाबा तेवढंच करत होते. पण दिवा दुसऱ्या कुणाला दिसत नसेल, तर शहाणा माणूस वेडा ठरायला किती वेळ लागतो?

चावी जाणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. बाबांची मोठी बहीण, आमच्या आत्याबाई, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. बाबा रोज दुपारी त्यांच्याकडे जातात आणि दोघं पत्ते खेळतात. आत्याबाई धडधडीत लबाडी करतात, बाबा धडधडीत भांडतात, आणि त्यावर दोघांचा दिवस निघतो. तिकडे जायला सरळ बस नाही. गाडी गेली की पत्ते गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे तो शब्द. एकदा घरात भास म्हटलं की पुढे माणसाने चष्मा कुठे ठेवला विचारलं तरी सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एखादा आकडा विचित्र आला, तर पेशंटला काही म्हणायच्या आधी नमुना पुन्हा घ्यायचा, असा दंडक आहे. शिवाय मला नाक खुपसायची हौस उपजतच. नवरा मला "चौकशी खिडकी" म्हणतो. म्हणू दे. रविवारी तो ड्युटीवर गेल्याबरोबर मी बाह्या सरसावून अंगणात उतरले.

"बाबा, चावी द्या. नमुना पुन्हा घ्यायचाय."

"कसला नमुना?"

"तुमच्या दिव्याचा. कधी लागतो सांगा. गाडी गार असताना की तापल्यावर?"

"लागतो असाच. मध्येच."

"मध्येच म्हणजे कुठे?"

"टाकीच्या आसपास."

"चढावर? ब्रेक मारताना? खड्ड्यात आपटल्यावर?"

"अगं सूनबाई, तू लॅबमध्ये आहेस की पोलिसात?" असं म्हणून त्यांनी चावी दिली खरी, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, कालच्या बोलण्याने दुखावलेत. माणूस दुखावणारच. मलाच इतका राग आला होता की रात्रीचं जेवण मी नवऱ्यापुढे आपटलंच होतं.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिनाच्या खाली एक गोल काच असते, तिच्यातून तेल किती आहे ते दिसतं. मी जमिनीवर गाल टेकवून बघितलं. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं, आणि रंगही चांगला, मधासारखा. ठोक्याने काम चोख केलं होतं. मी चावी फिरवली आणि ओरडलेच.

"लागला! बाबा, लागला की!"

बाबा पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, इंजिन बंद असताना तो लागायलाच हवा. इंजिन फिरत नाही, मग दाब कुठून येणार? लागला नाही तर बल्ब गेला म्हणायचं. आता स्टार्ट कर, विझेल बघ."

स्टार्ट केली आणि विझला. रेस वाढवली, कमी केली, इंजिन चांगलं तापू दिलं, मागचं चाक मोकळं फिरवलं. दिवा काही लागेना. शेजारची बाई गॅलरीतून डोकावून गेली. तिला वाटलं असेल, ही बया आता गाडीचंही रक्त काढतेय.

"नाही लागत ना?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"थांबा हो. एवढ्यात काय?"

मी चहा केला आणि पायरीवर बसून विचार करायला लागले. हा दिवा लागतो कसा? बाबांनीच समजावलं. बल्बपासून एक तार निघते, पेट्रोलच्या टाकीखालून इंजिनापर्यंत जाते आणि तिथल्या स्विचला चिकटते. तेलाचा दाब नसेल तेव्हा स्विच तारेला इंजिनाच्या लोखंडाशी जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की तो जोड तुटतो आणि दिवा विझतो. बस, इतकंच. म्हणजे त्या दिव्याला तेलातलं काही कळत नाही. तारेने लोखंडाला हात लावला की तो लागतो, एवढीच त्याची अक्कल.

"मग बाबा, तारेने दुसऱ्याच कुठल्या लोखंडाला हात लावला तर?"

बाबांनी कप खाली ठेवला. "तर लागेल."

"तेल ठणठणीत असलं तरी?"

"तरी लागेल," बाबा म्हणाले आणि उठून उभेच राहिले.

आता मला चेव आला. ठोक्याने तेल बदललं, स्विच बदलला, म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी स्विचवरची तार ओढून काढली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळली, कुठे लागू नये म्हणून. आता तारेचा स्विचशी संबंधच संपला. इंजिन चालू असो नाहीतर बंद, दिव्याला लागायचं कारणच उरलं नाही. या अवस्थेत लागला, तर चोर वाटेत कुठेतरी आहे. चावी फिरवली. दिवा विझलेलाच. मग मी तारेची जुडी जिथून जिथून जाते तिथे तिथे दाबली, हलवली, ओढली. काही नाही. सीटखाली काही नाही, टाकीखाली काही नाही.

"गाडी चालताना तार कुठे हलते?" मी मोठ्याने म्हटलं. उत्तर समोरच होतं, कळसा काखेत आणि मी गावभर फिरत होते. गाडीत आडवीतिडवी वळणारी एकच जागा असते, हँडलच्या खालचा मानेचा भाग. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. काही नाही. उजवीकडे वळवलं. अर्ध्यावर काही नाही, आणखी वळवलं तरी काही नाही. मग अगदी शेवटपर्यंत, अडेपर्यंत ढकललं.

दिवा लागला. लालबुंद.

मी हँडल सोडलं, विझला. ढकललं, लागला. बाबा वाकून बघत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः ढकललं. लागला. पुन्हा. पुन्हा. नंतर ते तसेच हँडलला धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे होता," ते म्हणाले. "दिवा होता."

"होता म्हणजे? चांगला सणसणीत होता! तुमच्या लेकाला आज संध्याकाळी नाक घासायला लावते की नाही बघा."

मोबाइलच्या उजेडात मानेच्या आत बघितलं आणि मला हसूच फुटलं. तिथली तारांची अख्खी जुडी पांढऱ्या मेणाच्या दोऱ्याने करकचून बांधलेली. नुसती बांधलेली नाही, टाक्याला टाका लावून, सारख्या अंतरावर, इतकी सुबक की फ्रेमला चिकटून बसली होती. हँडल उजवीकडे गेलं की जुडी ताणली जायची आणि फ्रेमच्या कडेवर घासायची. घासून घासून एका तारेचं साल निघालं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं.

आमचे बाबा जन्मभर शिंपी. सैल, ढगळ, लोंबणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या डोळ्यांना खुपते. घरातल्या पडद्यांच्या दोऱ्या, टीव्हीच्या वायरी, माझ्या पर्सचा पट्टा, काहीही त्यांच्या सुईतून सुटलेलं नाही.

"ही गाठ कुणाची, बाबा?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "गाठ माझीच आहे." मग जरा वेळाने म्हणाले, "पण हे मी कधी केलं?"

"केलं असेल एखाद्या दुपारी. लोंबत असतील तारा."

"असेल." ते त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. "बाही उचलायला जागाच ठेवली नाही बघ. नवशिकासुद्धा काखेत सैल ठेवतो. मी कसा विसरलो?"

"सुताराचं मन लाकडावर, शिंप्याचं दोऱ्यावर," मी आपलं काहीतरी बोलून गेले. मला विजयाची इतकी घाई झाली होती, की ते काय विचारताहेत याकडे माझं लक्षच नव्हतं. दोरा कापला, तारेला टेप गुंडाळली, जुडी सैल सोडून पुन्हा अडकवली, स्विचची तार जागच्या जागी लावली. इंजिन चालू करून हँडल उजवीकडे अडेपर्यंत ढकललं. दिवा विझलेला तो विझलेलाच.

"चला, आत्याबाईंकडे जाऊन येऊ. तुम्ही चालवा, मी मागे बसते. पक्का रिपोर्ट हवा."

बाबा जरा घुटमळले. मग बसले.

गाडी ते फार छान चालवतात. गिअर कधी बदलला ते मागच्याला कळतसुद्धा नाही. रविवार असल्यामुळे रस्ते मोकळे होते आणि मी मागे बसून संध्याकाळी नवऱ्याला काय काय ऐकवायचं त्याची जुळवाजुळव करत होते. त्यातच माझ्या खिडकीवर एक प्रश्न येऊन उभा राहिला. आमच्या घरापासून आत्याबाईंकडे जायला वळणं दोनच, आणि दोन्ही ऐसपैस. हँडल नुसतं कलतं. मग बाबा ते उजवीकडे अडेपर्यंत वळवतात तरी कुठे?

पाण्याची टाकी आली. तिच्या पुढे औषधाचं दुकान, आणि दुकानाला लागून आत्याबाईंची गल्ली. बाबा दुकानावरून सरळ पुढे गेले.

मला वाटलं, बहिणीसाठी काही घ्यायचं असेल. पुढच्या चौकाआधी त्यांनी वेग कमी केला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हँडल पूर्ण वळवून गाडी आल्या दिशेला फिरवली. मी त्यांच्या खांद्यावरून मीटरकडे वाकले.

"बघा! अडेपर्यंत वळवलंत आणि नाही लागला!"

गाडी परत टाकीकडे चालली. दुकान आलं, गल्ली आली, आणि गेली. टाकीपाशी त्यांनी पुन्हा हँडल अडेपर्यंत वळवलं, आणि या वेळी मी मीटरकडे बघितलंच नाही. नवऱ्याला आठवडाभरात दिवा का दिसला नाही, ते मला कळलं. ठोक्याला का दिसला नाही, तेही कळलं. दिवा गाडी उलट फिरवणाऱ्यालाच दिसणार होता. वाट चुकलेल्यालाच दिसणार होता.

बाबांनी गाडी कडेला घेतली, टाकीपाशीच. चावी बंद केली. दोघंही उतरलो.

"किती दिवस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. "बाबा, किती दिवस चाललंय हे? आणि एक शब्द बोलला नाहीत? मी सकाळपासून तारा उपसतेय!"

"रोज नाही होत," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी बरोबर जातो. एखाद्या दिवशी इथे आलो की सगळं सारखंच दिसतं. दुकानं सगळी सारखी. मग फिरून येतो, पुन्हा फिरून येतो. मग थांबतो. थांबलो की हळूहळू आठवते वाट."

"आणि कुणी विचारलं तर सांगायचं, दिवा लागला म्हणून थांबलो."

"दिवा लागायचाच गं!" ते एकदम कळवळून म्हणाले. "ते खोटं नव्हतं. थांबायला एक कारण मिळायचं, एवढंच."

आणि ते कारण मी सकाळी टेप लावून बंद करून टाकलं होतं. रस्त्याने माणसं जात होती, एकाने वळून बघितलं. लोक काय, बघणारच.

"मग मला का शोधू दिलंत? अडवायचं होतंत. चावी द्यायची नव्हतीत."

बाबांनी सीटवर हात ठेवला. "वाट चुकतो हे मला कळत होतं. त्याची लाज वाटत होती, पण कळत होतं. आणि काल लेक म्हणाला, दिवासुद्धा नाही. मग मला भीती वाटली. वाट विसरणारा माणूस निदान जे बघतो ते खरं बघत असतो. दिवाही माझ्या डोक्यातलाच निघाला असता, तर मग माझं असं राहिलं काय? रात्रभर डोळा लागला नाही. म्हटलं, ही हट्टी आहे, ही शोधेल. आणि नाही सापडला तर नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरला. सून म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. त्यांनीही सोडवून घेतला नाही.

मग मी पुढे बसले आणि ते मागे. गल्लीत वळताना त्यांनी औषधाच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली, लहान मूल वाचतं तशी.

आत्याबाई उशीला टेकून पत्ते पिसत बसल्या होत्या. "आज लवकर कसा रे?" त्यांनी विचारलं. "रोज माझा पिसून पिसून हात दुखतो." बाबा म्हणाले, "आज हिने आणलं." आत्याबाईंनी डाव मांडला, लबाडी केली, बाबांनी पकडली, आणि दोघं तावातावाने भांडले. मी खिडकीशी बसून हिशेब करत होते, सकाळची पाळी सुटल्यावर मला रोज त्यांना इथे आणता येईल की नाही. येत होतं. ओढाताण होणार होती, पण येत होतं.

परतताना पुन्हा मीच चालवली. घराच्या फाटकाशी मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "बाबा, हे घरी सांगावं लागेल. डॉक्टरांकडेही जावं लागेल. मी लपवणार नाही."

"नको लपवू. मीच सांगतो." ते उतरले, कपडे नीट केले. "फक्त आधी दिव्याचं सांगू दे."

नवरा आला तेव्हा बाबा अंगणात गाडीपाशी खुर्ची टाकून तयारच बसले होते. त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. काच कशी बघितली, मी कशी ओरडले, तार कशी काढली, हँडल कसं ढकललं. तांबं निघालेल्या जागेवरची टेप सोडून दाखवली, इंजिन चालू करून बोटाने तार लोखंडाला टेकवून दिवा लावून दाखवला, परत विझवला, परत लावला. कापलेला दोरा खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवला. मी दारात उभी होते. एरवी मी मध्ये दहा वेळा तोंड घातलं असतं.

नवऱ्याने तो दोरा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. माणूस वाईट नाही तो, घाबरट आहे. बापाच्या बाबतीत फारच.

"बाबा, चुकलो मी," तो म्हणाला. "भास म्हणायला नको होतं मी."

"पुन्हा म्हण."

"चुकलो. दिवा होता."

बाबांनी मान डोलावली. एवढे खूश मी त्यांना फार क्वचित बघितलंय. मग त्यांनी चावी काढली, क्षणभर मुठीत धरली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"आता बस इथे," ते म्हणाले. "दुसरंही सांगायचंय. तेही खरं आहे."